पहिल्या पुस्तकाचं वजन

वाचकांचे प्रश्न, लेखिकेची उत्तरं

गेल्या अंकात मी माझ्या पहिल्या पुस्तकाचा जमाखर्च मांडला होता. ज्यांच्या वाचनात तो आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोलापुरात टपाल खात्याच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली, २०२० ला निवृत्त झाले, आणि २०२२ च्या दिवाळीत गिरणीच्या चाळीतल्या आठवणींचं १६० पानांचं पुस्तक पदरच्या पैशानं काढलं. प्रती हजार. खर्च ९३,००० रुपये, हातात परत आले ५०,५००. विकल्या ४१२, फुकट वाटल्या १७३, खराब झाल्या ३८, घरात पडून ३७७. लोक हसतील असं वाटलं होतं. हसले असतील, पण पत्रंही आली. बहुतेक सगळी पुस्तक काढण्याच्या बेतात असलेल्यांची. संपादक म्हणाले, आता तुम्हीच उत्तरं द्या.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक. आठवणींची १४० पानं तयार आहेत. प्रेसवाले म्हणतात, "सर, छापायच्याच तर हजार छापा, प्लेटचा खर्च तोच, दर खाली येतो." किती प्रती काढाव्यात? — एक वाचक, जुळे सोलापूर

सर, हे वाक्य मलाही ऐकवलं होतं आणि ते खोटं नाही. ऑफसेटला प्लेटा करायच्या, मशीन लावायचं, शाई जुळेपर्यंत थोडा कागद वाया घालवायचा. हा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजारांना. मला पाचशे प्रतींना दर सांगितला ८८ रुपये, हजारांना ६४. मी घरी येऊन सुनेला म्हटलं, प्रतीमागं चोवीस रुपये वाचले! ती बँकेत आहे. तिनं कागदावर दोनच आकडे लिहिले: ४४,००० आणि ६४,०००. म्हणाली, "आई, वाचले कुठं? वीस हजार जास्त जाणारेत." मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर हजार हा आकडाच मला आवडला होता. "पहिली आवृत्ती, हजार प्रती" असं छापलेलं कसं भारदस्त दिसतं.

पंचवीस-पंचवीसचे चाळीस गठ्ठे आले. दुसऱ्यांची पार्सलं तोलण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या पुस्तकाचं एकूण वजन किती होईल हा गुणाकार माझ्या डोक्यात आला नव्हता. एकशे नव्वद किलो. रिक्षावाल्यानं दोन खेपा केल्या आणि दुसऱ्या खेपेला "बाई, विटा हैत का काय?" असं विचारलं. बावीस गठ्ठे दोन दिवाणांखाली, चार कपाटावर, उरलेले गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. सोलापूरचा मे तुम्हाला सांगायला नको. ४३ अंशांत पत्र्याखाली काय होत असेल! पुस्तकाच्या कण्याला जो डिंक लावतात तो उष्णतेनं मऊ पडतो, मग थंडीत वाळून तडकतो. डिसेंबरात एक गठ्ठा सोडला तर पानं पत्त्यांसारखी हातात आली. खालच्या गठ्ठ्याला वाळवी. अशा ३८ गेल्या.

तर किती छापाव्यात? वही घ्या आणि दोन रकाने पाडा. एकात जे "वा, वा, अभिनंदन" म्हणतील ते. दुसऱ्यात जे खिशातून पैसे काढतील ते. मी हे काम पुस्तक निघाल्यावर केलं. पहिल्या रकान्यात दोनशेच्या वर नावं आली, दुसऱ्यात ८७. तुमचे माजी विद्यार्थी असतील, तुमचा दुसरा रकाना माझ्याहून लांब भरेल, पण तो भरल्याशिवाय प्रेसमध्ये जाऊ नका. हल्ली डिजिटल छपाईत प्लेट लागत नाही, पन्नास-शंभर प्रतीही निघतात. प्रत महाग पडते. माझं दुसरं पुस्तक, १२८ पानांचं, असंच काढलं: १५० प्रती, ९८ रुपयांनी, म्हणजे १४,७००. किंमत ठेवली २५०. दुकानदारानं चाळीस टक्के कापले तरी दीडशे हातात येतात, पन्नास-बावन्न सुटतात. आठ महिन्यांत १३१ गेल्या. संपल्या की फाइल तीच, पुन्हा शंभर काढायच्या. तुम्हीही शंभर-दीडशेवर थांबा. गच्चीवरच्या खोलीत काय ठेवायचं ते ठेवा, पुस्तकं नकोत.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात शिकते, माझा कवितासंग्रह येतोय. आयएसबीएन नंबर आणि कॉपीराइट मिळून एक जण सहा हजार मागतोय. द्यावेत का? — बार्शी

देऊ नकोस गं. आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीला शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था आहे, तिच्या वेबसाइटवर लेखक-प्रकाशक म्हणून नोंदणी करायची, ओळखपत्र-पत्त्याचा पुरावा चढवायचा आणि वाट बघायची. कागद नीट दिसत नसला की अर्ज परत येतो. माझा एकदा आला, कारण आधारचा फोटो तिरका. म्हणून पुस्तक प्रेसला जायच्या बऱ्याच आधी अर्ज कर. तेरा आकडे येतात. छापील पुस्तकाला वेगळा नंबर, ई-पुस्तकाला वेगळा.

आणि या नंबरानं हक्काचं काही ठरत नाही. ती नुसती पुस्तकाची ओळख आहे, पिनकोडसारखी. कॉपीराइट १९५७ च्या कायद्यानं तू कविता लिहिलीस त्या क्षणीच तुझा झाला. तू असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षं. नोंदणी सक्तीची नाही. भांडण उद्भवलं तर पुरावा म्हणून कामी येते, आणि वाङ्मयीन कृतीला तिची सरकारी फी ५०० रुपये आहे. सहा हजारांचं गणित त्या माणसालाच विचार.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. १९५४ चा एक कायदा आहे, त्यानुसार पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकानं स्वतःच्या खर्चानं प्रती पाठवायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः काढलंस म्हणजे प्रकाशक तूच. कोलकात्याची पोच आली त्या दिवशी मला झालेला आनंद प्रकाशन समारंभातही झाला नव्हता. कार्डावर शिक्का इतका स्वच्छ उमटला होता! (शिक्क्यांची पारख आहे मला.)

प्रश्न : मुद्रितशोधनाला पानामागं पैसे मागतात. मी स्वतः मराठीचा पदवीधर आहे. घरीच तपासलं तर? — मंगळवेढा

मीही शुद्धलेखनात कच्ची नाही. काउंटरवर लोकांच्या तारा आणि मनीऑर्डरीचे संदेश लिहून दिलेत. तरी ऐका.

माझ्या पुस्तकाच्या सातव्या पानावर लिहिलंय की सोलापूरची जुनी गिरण १९७७ साली सुरू झाली. हवं होतं १८७७. हातानं लिहिलेल्या वहीत बरोबर आहे, टायपिंगमध्ये एक आकडा चुकला, आणि मी ते पान किमान सहा वेळा वाचलं. सहाही वेळा मला १८७७ च दिसलं, कारण मला ते माहीत होतं. पुस्तक निघाल्यावर महिनाभरानं साचेखात्यातले एक जुने कामगार, वय ऐंशीच्या पुढं, काठी टेकत घरी आले. चहा घेतला, पुस्तकाचं सातवं पान उघडलं आणि म्हणाले, "बाई, सत्त्याहत्तरला तिथं घुबडं होती." खरंच होतं. तोवर ती गिरण बंद पडून कैक वर्षं झाली होती. आपण लिहिलेलं आपण वाचत नाही, आठवतो. म्हणून दुसरे डोळे लागतात.

आता दुसरी भानगड, ही जास्त मोठी. मी युनिकोडमध्ये टाइप करून दिलं. डीटीपीवाल्यानं, म्हणजे संगणकावर पानं लावून देणाऱ्यानं, ते त्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेतलं. बदलताना "ऱ्य" मेला. भाकऱ्यांच्या "भाकर्या" झाल्या, तळ्याच्या पायऱ्यांच्या "पायर्या" झाल्या. कडक भाकरीवर माझा अख्खा एक लेख आहे, त्यात तेवीस वेळा भाकर्या! हे नुसतं डोळ्याला खुपतं, पण एके ठिकाणी अर्थच गेला. चाळीतल्या लग्नाच्या पंगतीचं वर्णन होतं: "आचाऱ्यांनी कढई उतरवली." छापून आलं, "आचार्यांनी कढई उतरवली." एका प्राध्यापकबाईंनी फोन करून विचारलं, कोणते हो आचार्य? म्हणून डीटीपीहून पहिलं प्रूफ आलं की आधी वाचायला बसू नका. "ऱ्य", "ऱ्ह", "ॲ", "ऑ", "ङ" असलेले दहा-वीस शब्द शोधून तेवढेच बघा. ते बिघडले असतील तर फाइलच परत द्या, एकेक चूक सुधारत बसू नका. तुमच्या दोन सुटतील, त्याच्या चार वाढतील.

प्रूफ कागदावर घ्या. मोबाइलवर पीडीएफ बघून "ओके" कळवण्याची चूक मी केली. आणि एकदा तरी मोठ्यानं वाचा, दुसऱ्या कुणाला समोर बसवून. माझा नातू समोर बसायला तासाला पन्नास रुपये घ्यायचा. मुद्रितशोधकाहून महाग पडला, पण एका पानावर म्हणाला, "आजी, हे वाक्य तू आत्ताच वाचलंस ना?" परिच्छेद दोनदा पडला होता.

मुद्रितशोधक नेमाल तर त्याला एक कागद आधीच द्या: "हे शब्द असेच ठेवा." माझं शेवटचं प्रूफ पुण्याच्या एका सज्जनांनी तपासलं. काम चोख. पण हुग्गी आणि पेंडपाला या आमच्याकडच्या पदार्थांच्या नावांपुढं प्रश्नचिन्हं, आणि शेजारच्या काकू "काय करायलास बे?" म्हणतात तिथं त्यांनी "काय करतो आहेस?" केलं होतं. आमच्या चाळीत असं कुणी म्हटलं असतं तर पाहुणा आलाय म्हणून पाट मांडला असता. त्यांचा दोष नाही, मी सांगितलंच नव्हतं. तेलुगू, कानडी, उर्दू मिसळलेली आपली बोली बाहेरच्याला चूकच वाटते. दुसऱ्या पुस्तकाला ६४ शब्दांची यादी जोडली, त्यांनी एकालाही हात लावला नाही.

शेवटी मी शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून घेतली आणि उरलेल्या प्रतींत एकेक चिकटवली. गव्हाच्या खळीनं. खळ वापरू नका, वाळवीला आवडते.

प्रश्न : एका कंपनीनं पॅकेज दिलंय. ४५ हजारांत छपाई, मुखपृष्ठ, ऑनलाइन विक्री, "बेस्टसेलर" प्रमाणपत्र, जाहिरात. पारंपरिक प्रकाशकांनी दोनदा साभार परत केलंय. घ्यावं का? — पंढरपूर

मी पॅकेज घेतलं नव्हतं, सगळं सुटं सुटं केलं. पण माझ्या एका मैत्रिणीनं घेतलं, तिचे कागद मी वाचलेत. "प्रती" म्हणजे किती, हे कुठं लिहिलेलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं, तिला वीस मिळणार, बाकी "मागणीनुसार". स्वतःच्याच पुस्तकाच्या जास्तीच्या प्रती तिला छापील किमतीत तीस टक्के सूट घेऊन विकत घ्यायच्या होत्या. प्रमाणपत्राला मात्र सोनेरी कडा होती.

सगळेच असे असतात असं नाही. सही करण्याआधी लेखी विचारा: प्रती किती आणि कुणाच्या मालकीच्या? हक्क किती वर्षांसाठी आणि कशाकशाचे? मला प्रत कितीला पडेल? विकलेल्या प्रतींचा हिशेब कधी, कसा दाखवणार? आणि मांडणीची मूळ फाइल मला मिळणार का? हा शेवटचा प्रश्न मी माझ्या डीटीपीवाल्याला विचारला नाही. त्यानं वर्षभरात दुकान बंद केलं, मुलगा पुण्याला लागला म्हणून तिकडं गेला. माझ्याकडं आहे फक्त छपाईची पीडीएफ. १९७७ चं १८७७ करायचं तरी पान नव्यानं लावावं लागणार.

पुस्तक परत येण्याबद्दल: दोनदा म्हणजे काहीच नाही.

प्रश्न : प्रकाशन समारंभ करावा का? — अशोक चौक, सोलापूर

हौस असेल तर करा, विक्रीसाठी करू नका. माझे १७,६०० गेले: सभागृह, फ्लेक्स, शाली, नारळ, उप्पीट आणि चहा. माणसं आली एकशे ऐंशी, पुस्तकं गेली ३१. प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं बोलले, त्यात पुस्तक तीनदा आलं, तिन्ही वेळा नाव चुकीचं.

संक्रांतीला जुन्या चाळीतल्या लोकांचा तिळगूळ असतो. तिथं मी सतरंजीवर पन्नास प्रती मांडल्या आणि मधला एक लेख वाचून दाखवला, भोंगा झाल्यावर डबे पोचवणाऱ्या बायकांचा. पन्नास संपल्या, मुलाला घरी पिटाळून आणखी आणवल्या. एकूण ६४. खर्च, तिळगूळ.

प्रश्न : दुकानात ठेवायला कुणी तयार नाही. वितरक निम्मी किंमत मागतो. पोस्टानं पाठवायचं तर खर्च परवडत नाही. विकायचं कसं? — अक्कलकोट

वितरकाचं आधी. तो गोदाम, गाडी, उधारी सांभाळतो, त्यामुळं चाळीस-पन्नास टक्के मागतो त्यात अन्याय नाही. अन्याय हा की पैसे येत नाहीत. माझ्या १७२ प्रती दुकानांतून आणि एका वितरकामार्फत गेल्या, पैसे आले ११० चे. बाकीच्या ६२ साठी मी दर महिन्याच्या पाच तारखेला फोन करते. तो माझा आवाज ओळखतो, मी त्याची कारणं ओळखते. चूक माझी एवढीच की प्रती देताना माल दिल्याच्या चलनावर सही घेतली नाही. वीस प्रती द्या, सही घ्या, पैसे आले की पुढच्या वीस. दुकानदार जीएसटी नंबर मागेल तर सांगा, छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, आणि फक्त पुस्तकंच विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही.

आता टपाल. इथं मला जरा बोलू द्या.

आपण सगळे "बुकपोस्ट, बुकपोस्ट" म्हणत वाढलो. रजिस्टर्ड बुकपोस्टची जुनी स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मी तेव्हा निवृत्त झालेली, तरी काउंटरवरच्या मुलीशी भांडून आले. मग १ मे २०२५ पासून "ज्ञान पोस्ट" आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वजनाप्रमाणे वाढत पाच किलोला १०० रुपये, आणि वर कर. जमिनीवरूनच जातं, म्हणून वेळ लागतो, पण माग काढता येतो. पाकिटावर "ज्ञान पोस्ट" लिहायचं, पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आत जाहिरात किंवा धंद्याचं पत्र नको. तुमच्या पुढच्या पुस्तकाची जाहिरात आत सरकवू नका म्हणजे झालं.

यातली खरी गोष्ट तो ३०० ग्रॅमचा आकडा. माझं पुस्तक १६० पानांचं, डेमी म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराचं, ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद, पेपरबॅक. कागदात गुंडाळून २१० ग्रॅम भरतं. आमचे हे म्हणत होते, जरा जाड कागद घे, पुठ्ठ्याची बांधणी कर, पुस्तक कसं वजनदार वाटलं पाहिजे. त्यांचं ऐकलं असतं तर पाकीट ३०० च्या वर गेलं असतं आणि प्रत्येक प्रतीला टपाल वाढलं असतं. छापायच्या आधी प्रेसवाल्याकडून कोऱ्या कागदाची डमी बांधून घ्या. तोच कागद, तेवढीच पानं, तेच कव्हर. ती किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. मग कागद ठरवा.

गुंडाळायची पद्धत: आधी प्लास्टिकची पिशवी, पावसाळ्यात तर हवीच. वर जाड खाकी कागद. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याची घडी, कारण पोतं फेकलं की पुस्तक नेहमी कोपऱ्यावरच पडतं. मी स्वतः फेकलीत, मला माहीत आहे. स्टेपल मारू नका, हात कापतात. पत्ता मराठीत चालेल, पिनकोड ठळक, घेणाऱ्याचा मोबाइल नंबर खाली. पाठवणाऱ्याचा पत्ता मागं, अगदी न चुकता. माझ्या नऊ प्रती "घर बंद" म्हणून परत आल्या, पत्ता होता म्हणून आल्या.

आणि पैसे आधी घ्या. "पुस्तक आल्यावर लगेच टाकतो" म्हणणाऱ्यांत माझे एक मामेभाऊ आहेत. अजून टाकताहेत.

प्रश्न : सरकारी अनुदान मिळतं का? — करमाळा

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठीच. हस्तलिखित पाठवायचं, निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान. पण पुस्तक छापण्याआधी अर्ज करायचा असतो. मला ही योजना कळली ती हिराचंद नेमचंद वाचनालयात पेपर चाळताना, चाळीस गठ्ठे घरात येऊन पडल्यावर. तुमची वही अजून वहीच असेल तर आजच अर्जाची मुदत बघा.

प्रश्न : ई-पुस्तक काढू का? — एक वाचक, सोलापूर

काढा. किंडलवर मराठी चालतं. भाच्यानं माझं चढवून दिलं, १९ गेल्या. माझे वाचक साठीच्या पुढचे, त्यांना पान दुमडायला लागतं. तुमचे तरुण असतील तर आकडा वेगळा येईल.

प्रश्न : घरातल्या खऱ्या गोष्टी लिहिल्यात. सासरचे, माहेरचे दुखावतील अशी भीती वाटते. तुमच्याकडं काय झालं? — नाव छापू नये

छापत नाही.

माझ्या पुस्तकात ५२ व्या पानावर एक वाक्य आहे. "पगाराच्या दिवशी अण्णा घरी येईपर्यंत आई चूल पेटवायची नाही." एवढंच. चाळीतल्या कुणालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पगार हातात येईल की गुत्त्यातून अर्धा येईल, यावर त्या रात्री काय शिजायचं ते ठरायचं. मी दारू हा शब्दसुद्धा लिहिला नाही.

धाकटा भाऊ त्या दिवाळीत भाऊबीजेला आला नाही. फोन केला तर म्हणाला, "ताई, अण्णांनी तीस वर्षं रात्रपाळी केली ते एका ओळीत, आणि हे दुसऱ्या ओळीत. मोजून बघ." मी मोजलं नाही. पण पुस्तक उघडून बघितलं, आणि रात्रपाळीवर खरोखर एकच ओळ होती. ते मला लिहिताना दिसलं नव्हतं. मोठी मुलगी म्हणून माझ्या वाट्याला पगाराची संध्याकाळ आली होती. तो धाकटा, त्याच्या वाट्याला पहाटे रात्रपाळीवरून येऊन त्याला सायकलवर शाळेत सोडणारे अण्णा आले होते.

ते वाक्य मी आजही काढणार नाही. पण प्रेसला जाण्याआधी ती चार पानं घेऊन त्याच्याकडं जायला हवं होतं. परवानगी मागायला म्हणून नाही. त्याला ते हजार लोकांबरोबर एकाच दिवशी कळलं, हे चुकलं. आणि कदाचित तो सायकलीचं सांगता, तर पुस्तकात ती सायकल आली असती. तुम्ही तेवढं करा. ज्याचं पान त्याला आधी वाचायला द्या, तुम्ही समोर बसू नका, त्याला एकट्याला वाचू द्या.

पुढच्या वर्षी भाऊबीजेला आला. ताटात ओवाळणी टाकली, जेवला, शेंगापोळी बांधून घेतली. पुस्तकाचं नाव अजून काढलेलं नाही.

प्रश्न : त्या ३७७ प्रतींतली एक मला विकत मिळेल का? — टेंभुर्णी

मिळेल. आता ३७१ आहेत. दिवाणाखालची देते, पत्र्याखालची नाही. आत शुद्धिपत्राची चिठ्ठी असेल, सातवं पान वाचण्याआधी ती वाचा. पत्ता संपादकांकडं कळवा, आणि पिनकोड लिहा. तुमच्या पत्रावर तो नव्हता.